पर्गोल्यात भुंगे शिरलेत: हाकलायचे, मारायचे की राहू द्यायचे?

ऋतुजा_ब
नमस्कार मंडळी,
बावधनला आमचा सगळ्यात वरच्या मजल्यावरचा फ्लॅट आहे, गच्चीसकट. गच्चीवर बिल्डरनेच करून दिलेला लाकडी पर्गोला (खांबांवरचं उघड्या पट्ट्यांचं छत) आहे, बहुतेक पाइनचा. त्याखाली सासूबाईंचा सागवानी झोपाळा. त्यांचा सकाळचा चहा, पेपर, शब्दकोडं, बहिणीशी फोन, सगळं त्या झोपाळ्यावर.

गेल्या उन्हाळ्यापासून पर्गोल्याच्या आडव्या लाकडांना खालच्या अंगाने भोकं दिसायला लागली. ड्रिलने पाडावीत इतकी गोल, करंगळी सहज जाईल एवढी. झोपाळ्याच्या गादीवर रोज भुसा पडतो, शेजारच्या भिंतीवर पिवळट ओघळ आलेत. आधी मला वाळवी वाटली. मग एका दुपारी कारागीरच हाती लागला: काळाकुळकुळीत टपोरा भुंगा, छातीच्या वरच्या बाजूला पिवळी मखमल, अर्धा भोकात, आणि आतून स्पष्ट ऐकू येणारी कुरकुर. यंदा भोकं वाढलीत. शिवाय एक सोनेरी-हिरवट रंगाचा आहे, तो कुणीही गच्चीत पाऊल टाकलं की थेट तोंडासमोर येऊन तरंगतो. माझा मुलगा तीन वर्षांचा आहे, त्यामुळे मला त्या सोनेरी महाशयांची जास्त भीती वाटते.

घरात तीन मतं आहेत. नवरा म्हणतो मारू नकोस. सासूबाई म्हणतात भुसा झाडायला मी आहे ना. सोसायटीचे चेअरमन म्हणतात, आज तुमच्याकडे, उद्या आमच्या खिडक्यांत, लगेच पेस्ट कंट्रोल करा. पेस्ट कंट्रोलवाल्याने फोटो न बघताच 'वाळवीचं पॅकेज' सांगितलं. पावसाळ्याआधी सुतार येणार आहे, तोवर काय ते ठरवायचंय. कुणाला अनुभव आहे का?

पेठकर
सोपं आहे. पर्गोल्यावर पाटी लावा: 'येथे भोके पाडू नयेत. दुपारी १ ते ४ कोरीवकाम पूर्ण बंद राहील. सोनेरी इसमांनी आत डोकावून पाहू नये.'

चिंगी७७
पेठकर =)) =))
ऋतुजा, आमच्याकडे सहकारनगरला पण आहेत पण ते खिडकीच्या चौकटीत. वाचतेय.

निशाचर
ऋतुजाताई, वर्णन इतकं नीट केलंय की फोटो नसला तरी चालेल. हे सुतार भुंगे, शास्त्रीय नाव झायलोकोपा. मधमाशीचेच नातलग, पण पोळं करत नाहीत, राणी-कामकरी अशी फौज नाही. मादी एकटीच लाकूड कोरते. फार तर वयात आलेली लेक काही दिवस आईबरोबर त्याच घरात राहते आणि एक जण दाराशी पहारा देते.

काळी-पिवळी आणि सोनेरी या दोन जाती नव्हेत, एकाच जातीचे मादी आणि नर आहेत. कोरीवकाम सगळं मादीचं. नराचं काम हद्द राखायची आणि येणाऱ्याजाणाऱ्यावर डोळा ठेवायचा. तोंडासमोर तरंगतो तो हाच, आणि गंमत म्हणजे त्याला नांगीच नसते. नांगी म्हणजे अंडी घालायच्या नळीचं बदललेलं रूप, नराकडे ती येणार कुठून? तेव्हा मुलासाठी तुम्हाला ज्याची भीती वाटतेय, तो काहीच करू शकत नाही.

दुसरं, हे लाकूड खात नाहीत. कोरतात आणि भुसा बाहेर टाकतात, म्हणून तो गादीवर दिसतो. खाणं फुलांवरचं, मध आणि पराग. भोक सरळ आत इंच-दीड इंच जातं, मग काटकोनात वळून लाकडाच्या रेषांच्या दिशेने बोगदा जातो. मादी टोकापासून सुरुवात करते: परागाचा ओलसर गोळा, त्यावर एक अंडं, मग भुशाच्या लगद्याचा पडदा. पुन्हा गोळा, अंडं, पडदा. अशा ओळीने खोल्या. अंड्यापासून भुंगा बाहेर पडेपर्यंत आपल्याकडच्या उबदार हवेत साधारण दीड-दोन महिने जातात. पिवळे ओघळ म्हणजे त्यांची विष्ठा.

पेठकर
म्हणजे बायको घर बांधते आणि नवरा दारात उभा राहून लोकांवर भुणभुण करतो. पेठेतलाच आहे हो हा.

माईंची_लेक
नुसती भुणभुण, दम काही नाही. पेठेतलाच. (हलके घ्या.)

टोकदार
सगळ्यांचं कौतुक चाललंय म्हणून विरोधी बाजू मांडतो. आमच्या कोथरूडच्या बंगल्याला गॅलरीवर लाकडी पट्ट्या होत्या, दीड इंची. वडिलांचा असाच भूतदयावाद. काही वर्षं भुंग्यांनी तिथे पिढ्या वाढवल्या. मग एका पट्टीला बायकोने कुंडी टांगली आणि पट्टी मधूनच तुटली. खाली कुणी नव्हतं म्हणून ठीक. तुटलेली पट्टी आतून सबंध पोकळ होती, बाहेरून फक्त दोन भोकं. 'एकदोन भोकांनी काही होत नाही' म्हणणाऱ्यांनी ती पट्टी बघायला हवी होती.

त्यानंतर भोकात औषधाचा फवारा मारला, वर लांबी भरली, विषय संपला. किड्यापेक्षा माणूस मोठा.

निशाचर
टोकदार, पट्टीबद्दल शंभर टक्के मान्य. हे भुंगे जुनंच घर पुन्हा वापरतात, वाढवतात, शाखा काढतात. तिथेच जन्मलेल्या माद्या बरेचदा तिथेच परततात. म्हणून बाहेर भोक एक आणि आत चाळ असं होतं.

पण फवाऱ्याने विषय संपला तो लांबीमुळे, औषधामुळे नव्हे. आतली मेली आणि भोक उघडं राहिलं की तयार घर रिकामं झालं, एवढंच. दुसरी मादी येऊन राहते, तिला कोरायचे कष्टही नाहीत. आणि ऋतुजाताईंच्या बाबतीत तो फवारा थेट सासूबाईंच्या डोक्यावर आणि झोपाळ्याच्या गादीवर उतरणार. माझा विरोध भूतदयेसाठी कमी आणि यासाठी जास्त.

अतिसामान्य
कर्णाची मांडी पोखरणारा तो हाच का?

निशाचर
नाही हो. कोरडं लाकूड असेल तरच रस असतो यांना.

अतिसामान्य
मग आमच्या साहेबांच्या डोक्याला धोका आहे.

कडीपाट
नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात (आता बिल्डरच्या ताब्यात) माडीच्या कडीपाटाला अशी भोकं माझ्या आजोबांच्या लहानपणापासून होती. दर उन्हाळ्यात भुसा पडायचा आणि आजी 'आले वाटतं' म्हणून केरसुणी घ्यायची. तुळया सागाच्या, चांगल्या जाडजूड. वाडा उतरवला तेव्हा त्या तुळया लाकूडवाल्याने चढ्या भावात उचलल्या. भोकं असलेला हातभर तुकडा कापून टाकला, बाकी लाकूड ठणठणीत.

अवांतर: कोरड्या लाकडाचा विषय निघालाच आहे म्हणून. ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात अर्जुनाच्या मोहाबद्दल बोलताना हा भुंगा येतो. कसलंही कोरडं लाकूड लीलया भेदणारा भुंगा कोवळ्या कळीत मात्र अडकून पडतो. प्राण गेला तरी पाकळी चिरत नाही. लहानपणी कीर्तनात ऐकताना मला ही निव्वळ कवीकल्पना वाटायची, कारण भुंगा म्हटलं की फूल एवढंच डोक्यात. लाकूड भेदणं शब्दशः खरं आहे हे कडीपाट बघून कळलं.

निशाचर
कडीपाट, सुंदर आठवण. त्यातलं 'कोरडं' तर अगदी चपखल आहे. उभ्या जिवंत ओल्या झाडात हे सहसा घर करत नाहीत. वाळलेली फांदी, वठलेलं खोड, घराचं लाकूड. १२९० सालच्या ग्रंथात इतकं नेमकं निरीक्षण आहे.

चिंगी७७
मग ऋतुजा, पर्गोल्याखाली कमळाची कुंडी ठेव. सगळे तिथेच अडकतील.

शेवंती
हसताय काय, माझ्याकडे उलटं आहे, मी यांची वाट बघते! सिंहगड रोडला बंगल्याच्या कुंपणावर कृष्णकमळाचा वेल आहे, पॅशन फ्रूटवाला. त्याच्या फुलाची रचना अशी की साधी मधमाशी आत वावरते, पराग घेऊन जाते, पण वर टांगलेल्या भागांना तिचं अंग लागतच नाही. सुतार भुंगा शिरला की त्याची पाठ बरोबर वर घासते. भुंगे आले त्या वर्षी फळं भरपूर. एका वर्षी शेजारी रंगकाम चालू होतं, भुंगे फिरकले नाहीत, तेव्हा मी कापसाच्या काडीने परागीकरण करत बसले होते. शेवग्यावरही तेच, रुईवरही तेच. वांग्याच्या नि टोमॅटोच्या फुलाला तर धरून पंखांच्या स्नायूंनी थरथरवावं लागतं तेव्हा पराग झडतो. साध्या मधमाशीला ती विद्या येत नाही, यांना येते.

टोकदार
शेवंतीताई, मग तुमच्या वेलासाठी आमच्याकडचे घेऊन जा. पोचवायची जबाबदारी माझी.

शेवंती
या घेऊन! येताना पट्टी पण आणा, पोकळ झालेली. ती त्यांना आवडते.

गोळी_औषध
डॉक्टर म्हणून थोडं. नर डंख करत नाही हे निशाचर यांनी सांगितलंच. मादी करू शकते, पण तिला मुठीत धरलं, भोकात बोट किंवा काडी घातली तरच. मधमाशीसारखी तिची नांगी काटेरी नसते, त्यामुळे अंगात अडकून राहत नाही. ती पुन्हा डंख करू शकते. डंख झाला तर साबण-पाण्याने धुऊन बर्फ लावा. चुना, हळद, लोखंड घासणं, काही गरज नाही. मात्र अंगभर गांधी उठल्या, ओठ-जीभ सुजली, धाप लागली किंवा चक्कर आली तर घरगुती उपायात एक मिनिटही न घालवता हॉस्पिटल. हे कुठल्याही माशीच्या बाबतीत लागू आहे.

तीन वर्षांच्या मुलाला एवढंच शिकवायचं: भोकात काडी घालायची नाही. सोनेरीवाला तोंडासमोर आला तर आला.

मुळशीकर_पाटील
आमच्याकडं शेतावर बांबूचं छत हाय. गावाकडं हे भुंगं बांबूत राहतात. ज्याला दुसऱ्या बाजूनं तोंड उघडं हाय त्यात तर बिनभाड्यानं. पुण्याच्या एका फार्महाऊसवाल्यानं आमच्याच गावात लई खर्च करून बोरॅक्सचं पाणी दिलेला बांबू बसवला, म्हणे कीड लागत न्हाई. घुण लागली न्हाई खरं, पण भुंगं आलंच.

निशाचर
पाटील, बरोबर आहे. बोरॅक्स-बोरिकची प्रक्रिया लाकूड *खाणाऱ्या* किड्यांसाठी. भुंगा खातच नाही, कोरून थुंकतो, त्याच्या पोटात औषध जाणार कसं? त्यामुळे बांबूला प्रक्रिया हवीच, पण भुंग्यासाठी वेगळा उपाय हवा.

मुळशीकर_पाटील
उपाय सोपा हाय. बुरूड आळीतला जुना माणूस सांगतो तसा पेराला लागून कापायचा, म्हंजे टोक आपसूक बंद राहतं. पेराच्या मधी कापला की भुंग्याला आमंत्रण. उरलंसुरलं तोंड लाकडाची गुल्ली ठोकून बंद करा.

जर्सीकर
न्यू जर्सीहून. इकडे प्रत्येक डेकवाल्याचा हा दरवर्षीचा एप्रिल-मेचा विषय. आमची जात वेगळी, झायलोकोपा व्हर्जिनिका. नराच्या तोंडावर पांढरट ठिपका असतो. इथे सुतार पक्षी भुंग्यांपेक्षा जास्त नुकसान करतात: आतल्या अळ्या खायला चोच मारून पूर्ण फळी फोडतात.

इकडे एक सापळा मिळतो. लाकडी खोका, बाजूंना वरच्या दिशेने तिरकी भोकं, तळाला पारदर्शक बरणी. भुंगा घर समजून शिरतो, बाहेर पडताना उजेडाकडे जातो आणि बरणीत पडतो. काम करतो, पण बरणीत मेलेले भुंगे बघून माझ्या मुलीने रडून गोंधळ घातला, मग काढला. आता रंगच देतो. आमच्या थंडीमुळे इथे वर्षात एकच पिढी होते, त्यामुळे शरद ऋतूत नवे भुंगे बाहेर पडून गेले की भोकं बुजवायची हे गणित सोपं आहे. पुण्यात ते इतकं सरळ नसावं?

निशाचर
नाही ना. आपल्याकडे कडक हिवाळा नसल्यामुळे वर्षात एकापेक्षा जास्त पिढ्या होऊ शकतात. म्हणून कॅलेंडर बघून नव्हे, भोक बघून ठरवायचं.

हळदीकुंकू
लिंबाच्या साली आणि कडुनिंबाचं तेल लावा. नैसर्गिक. आमच्या ग्रुपवर आलं होतं.

चिंगी७७
केलंय. वास होता तोवर मला घरात बसवेना, त्यांना काही फरक नाही. वास गेल्यावर नवीन भोक, त्याच्याच शेजारी.

रंधा
आमचं घराणं सुतारकामातलं, भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये वडिलांचा वावर चाळीस वर्षं. मी आता फर्निचरच करतो. सगळे भुंग्याबद्दल बोलताहेत, मी लाकडाबद्दल बोलतो.

पुण्यात हल्ली पर्गोल्याला पाइन सर्रास वापरतात. हलकं, सरळ, स्वस्त आणि मऊ. वरून एक हात पॉलिश किंवा पातळ स्टेन. आपल्याकडचं ऊन दोन उन्हाळ्यांत ते उडवतं आणि लाकूड उघडं पडतं. भुंग्याला हवं तेच. सागाचा गाभा टणक, तिथे त्याला जड जातं, तरी जुना, उन्हापावसात पिचलेला साग आणि कडेचा पांढरट भाग तो कोरतो. कडीपाट यांच्या वाड्यात तेच झालं असणार. पण तुळई सहा-आठ इंची असेल तर आत अर्ध्या इंचाचा बोगदा गेला म्हणून ती पडत नाही. दीड इंची पट्टीत तोच बोगदा गेला की उरलं काय? टोकदार आणि कडीपाट दोघंही बरोबर आहेत, लाकडाच्या जाडीचा फरक.

पक्का इलाज एकच, ऑइल पेंट. पॉलिश-व्हार्निश दिसायला सुंदर, पण भुंगा त्याला फारसा जुमानत नाही. आधी प्रायमर, मग दोन हात. आणि रंगारी काय करतो, वरून आणि समोरून मारतो. खालची बाजू आणि कापलेली टोकं तशीच ठेवतो. भुंगा खालूनच सुरुवात करतो, ऋतुजाताईंनी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय बघा. म्हणजे रंगाऱ्याच्या डोक्यावर उभं राहून खालची बाजू मारून घ्या.

भोक बुजवायचं तर नुसती लांबी चालत नाही, भुंगा ती खरवडून काढतो. आत थोडी बारीक तारेची जाळी कोंबायची, मग फेव्हिकॉल लावून लाकडी गुल्ली ठोकायची, वाळल्यावर पॉलिश पेपरने घासून वर रंग.

ऋतुजा_ब
रंधा, निशाचर, सगळ्यांचेच आभार. मुलाला 'काडी नाही' हा मंत्र दिला आहे, आता तो आम्हा सगळ्यांना तो ऐकवतो.
पण भोक रिकामं आहे हे कळणार कसं? आत पिल्लं असताना बंद करायचं जिवावर येतंय.

निशाचर
भोकाखाली ताजा भुसा किंवा ओले पिवळे ओघळ असतील तर वस्ती आहे. तोंडाशी कोळ्याचं जाळं असेल तर बहुतेक नाही. खात्री करायची तर टिश्यू पेपरचा छोटा तुकडा तोंडाशी हलकेच खोचा आणि काही दिवस लक्ष ठेवा. ढकलला गेला, तर आतून किंवा बाहेरून कुणीतरी आलंय. संध्याकाळी लाकडावर बोटाने टकटक केली तर आतून गुरगुर ऐकू येते.

वस्ती असलेल्या भोकांना दीड-दोन महिने द्या आणि तेवढ्यात बाकीचं सगळं उघडं लाकूड रंगवून घ्या, म्हणजे बाहेर पडणाऱ्यांना तिथे नवीन जागा मिळणार नाही. आतले जिवंत असताना बंद केलंत तर ते शेजारून कोरून बाहेर येतात. एक भोक वाचवायला गेलात आणि दोन झाली, असा हिशेब.

जमलं तर गच्चीच्या दुसऱ्या कोपऱ्यात वळचणीला एखादा वाळका ओंडका बांधून ठेवा. शेवगा किंवा पांगारा, मऊ लाकूड. हमखास जातील अशी हमी नाही, पण पर्गोला बंद झाल्यावर शोधाशोध करताना सापडेल.

माईंची_लेक
बाय द वे, आमच्याकडे रात्री ट्यूबवर येऊन धडाधड आपटणारा काळा भुंगा असतो तो पण हाच?

निशाचर
तो बहुतेक ढालपंखी किड्यांपैकी, नारळाला लागणारा गेंडा भुंगा किंवा त्याचा भाऊबंद. त्याला कडक पाठ असते, याला मऊ केस आणि पातळ पंख.

पण विषय काढलात म्हणून: रात्री उडणारा सुतार भुंगासुद्धा आहे आणि तो आपल्याच जिल्ह्यात आहे! भीमाशंकरच्या जंगलात हेमा सोमनाथन आणि सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला. झायलोकोपा ट्रँक्वेबारिका. हा चंद्र नसलेल्या रात्रीही, नुसत्या चांदण्यांच्या उजेडात फुलांवर जातो. २००८ मध्ये त्यांनी दाखवून दिलं की तेवढ्या उजेडातही त्याला रंग ओळखता येतात. आपल्याला त्या उजेडात सगळं काळंपांढरं दिसतं. माझा आयडी त्याच्यावरूनच.

अतिसामान्य
मला वाटत होतं वेब सिरीजवरून.

कडीपाट
निशाचर, भीमाशंकरला लहानपणापासून जातोय, हे माहीतच नव्हतं. तिथल्या वाड्यावस्त्यांतही लाकडी घरं आहेत, तिथे कसं करतात लोक?

निशाचर
जंगलात वठलेली खोडं मुबलक, घराकडे यायची गरज कमी. शहरात आपण वाळलेली फांदी दिसली की तोडतो आणि मग पर्गोला उभारतो.

टोकदार
एक मिनिट. एवढी चर्चा झाली, एक प्रश्न कुणीच विचारला नाही. ऋतुजाताई, तो झोपाळा टांगलाय कशाला?

ऋतुजा_ब
पर्गोल्यालाच. मधल्या आडव्याला कड्या आहेत. स्टँडचा नाहीये.

टोकदार
आणि त्या आडव्याला भोकं?

ऋतुजा_ब
दोन. एक कडीपासून वीतभर.

रंधा
आत्ताच्या आत्ता झोपाळा उतरवा. आज. सासूबाईंना खुर्ची द्या. माझं वरचं 'जाडी बघा' वगैरे सगळं नुसत्या छपराच्या लाकडाबद्दल होतं. झोपाळ्याचा भार उभा नसतो, प्रत्येक झोक्याला झटका बसतो, आणि कडीचा बोल्ट आधीच लाकडातून आरपार गेलाय. आत बोगदा त्या बोल्टपर्यंत पोचला असेल तर बाहेरून कळणार नाही. आडवं किती जाड आहे?

ऋतुजा_ब
उतरवला. सासूबाई रुसल्यात. मोजलं: तीन इंच बाय दोन.

रंधा
भुंगे नसते तरी तीन बाय दोनच्या पाइनला मी झोपाळा टांगला नसता. ज्याने टांगला त्याला नमस्कार.

टोकदार
+१. आता निशाचर काय म्हणतात ऐकू.

निशाचर
टोकदार यांना साष्टांग +१. तो आडवा बदलाच. फेकून मात्र देऊ नका.

पेठकर
आज इतिहास घडला. टोकदार आणि निशाचर एका बाजूला. पेढे कोण आणतंय?

ऋतुजा_ब
अपडेट देते, थोडा उशीर झाला.

सुतार आला. मधला आडवा काढून झोपाळ्यासाठी भिंतीत बसवलेल्या ब्रॅकेटवर लोखंडी चौकोनी पाइप टाकला, त्याला लाकडी रंग दिलाय, सासूबाईंनी सवयीने बोटाने टकटक करून पाहिली आणि 'खोटं आहे' असा शेरा मारला. पण बसतात. बाकी पर्गोल्याची रिकामी भोकं रंधा यांच्या पद्धतीने जाळी-गुल्ली करून बुजवली. तीन ठिकाणी टिश्यू ढकलला गेला, ती तशीच ठेवलीत. रंगारी खरंच खालची बाजू सोडून निघाला होता. त्याला परत चढवला.

काढलेल्या आडव्याचं एक टोक सुताराने कापून दाखवलं. बोगदा बोल्टपासून बोटभर अंतरावर होता. आत पडद्यांच्या मागे पिवळे गोळे आणि एका खोलीत पांढरी जाडजूड अळी. मुलाने तिचं नाव 'बाळ पिठलं' ठेवलंय. ते टोक लगेच पट्टीने बंद केलं आणि निशाचर म्हणाले तसं न फेकता रात्री, भोकाची बाजू खालीच ठेवून, पाण्याच्या टाकीजवळच्या वळचणीला बांधलं.

चेअरमनना सगळं समजावलं. त्यांचं म्हणणं, बाकीच्या सभासदांना नोटीस काढतो की गच्चीवरचं लाकूड रंगवा. नोटिशीचा मसुदा कुणी द्याल का?

पेठकर
मसुदा वरती पहिल्याच प्रतिसादात आहे.

निशाचर
ऋतुजाताई, उत्तम. एक सांगून ठेवतो: आतली पिल्लं वेळेवर बाहेर पडतील, पण आई काही दिवस जुन्या जागीच घिरट्या घालेल. जागा त्या आजूबाजूच्या खुणांवरून लक्षात ठेवतात, चार-पाच मीटर हलवलं तरी चुकतात. लोखंडी पाइपपाशी भुणभुण झाली तर घाबरू नका.

ऋतुजा_ब
झालीच! सासूबाई तिला म्हणाल्या, 'मलाही तेच वाटलं गं.'

शेवंती
सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. आणि कृष्णकमळाची फांदी हवी असेल तर घेऊन जा, ब्रॅकेटवर छान चढेल.

चिंगी७७
रंधा, माझ्या खिडकीच्या चौकटीचं बघाल का? सागाची आहे, चाळीस वर्षांची. भोकं तीन, पण मला ऑइल पेंट नकोय, लाकूड दिसायला हवं.

रंधा
चौकटीला भार नाही, त्यामुळे घाई नाही. बाहेरच्या अंगाला रंग, आतल्या अंगाला पॉलिश असं करता येईल. बाहेरून कुणी बघत नाही आणि भुंगा बाहेरूनच येतो. फोटो व्यनित (खाजगी निरोपात) पाठवा, भोकं खालच्या आडव्याला आहेत की उभ्या बाजूंना तेही लिहा. खालच्या आडव्याला असतील तर पाणी मुरतंय का तेही बघावं लागेल.